नेढ्यामागची जागा

ट्राउट माशासाठी फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसं गुंडाळून केलेलं किड्यासारखं नकली आमिष, बांधायला बसताय ना? मग तयार किट घेऊ नका. त्यातला दोरा जाड असतो आणि पिसं कसल्याच कामाची नसतात. आपल्या बेळगावात सगळं मिळतं. रेशमी धागा वडगावच्या विणकरांकडे मागा, बारीक तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे. गावठी कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस तरंगणाऱ्या फ्लायला, कोंबडीचं मऊ पीस बुडणाऱ्या फ्लायला.

आपल्या मलप्रभेत ट्राउट नाही, त्याला थंड पाणी लागतं. म्हणून मी हिमाचलात तीर्थन नदीवर गेलो, चाळीस फ्लाय बांधून. पहिल्याच सकाळी बोटं गारठलेली, आणि तंगुसाचं टोक काही केल्या गळाच्या नेढ्यात जाईना. डोळ्यांजवळ धरून बघितलं, तर नेढ्यात, शेवटची गाठ पक्की करायला लावलेल्या नेलपॉलिशचा वाळलेला पापुद्रा आणि त्यात चिकटलेले पिसाचे दोन केस. दुसरी काढली, तीही तशीच. चाळीसातल्या सात कामाला आल्या. अजून आठवलं की जीव कळवळतो.

तर नीट ऐका. नेढं जेवढं लांब, तेवढीच जागा त्याच्यामागे गळाच्या दांडीवर मोकळी सोडा. मार्करने खूण करा. शेपूट, तार, मोरपिसाचे तंतू, मानेचं पीस, सगळं खुणेपाशी संपलं पाहिजे. पुढची जागा फक्त शेवटच्या गाठीची. अंग आखूड दिसतं म्हणून हात पुढे सरकतोच. सरकू देऊ नका. तीन वेढ्यांत बसत असेल तिथे सहा घालू नका. नेलपॉलिश ओलं असतानाच एक पीस नेढ्यातून आरपार ओढून घ्या.

सुरुवात किलर बगने करा. ग्रेलिंग हा मासा भारतात नाही, पण त्याच्यासाठी इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी काढलेली ही फ्लाय. तांब्याची तार, वर करडी-गुलाबीसर लोकर, बस्स. पिसंच नाहीत, त्यामुळे चुकायला जागा कमी. पहिल्या पाच-सहा वेड्यावाकड्या होतील, होऊ देत. मासा सुबकपणा बघत नाही.

शिकवणारा तुमच्या हातातून गळ घेऊन स्वतःच बांधून दाखवत असेल, तर दुसरा शोधा. मला ज्यांनी शिकवलं ते काका काहीच बोलायचे नाहीत, नुसतं ब्लेड पुढे करायचे. चौदा नंबरचा एकच गळ मी अकरा वेळा उसवला. बाराव्या खेपेला तंगूस न अडखळता आरपार गेला.