चोवीस काड्यांचा आकाशकंदील: नातवंडांना सोबत घेऊन असा बांधा

कोजागिरी झाली की दिवाळीला पंधरवडा उरतो, आणि सहामाही परीक्षा आटोपून मुलंही मोकळी होत असतात. घरी कंदील करायचा तर तेव्हाच सुरुवात करावी. एक दिवस सांगाड्याला, एक दिवस कागदाला, मध्ये एक रात्र वाळायला. वसुबारसेच्या संध्याकाळी काड्या घेऊन बसलात तर घाई होते, आणि घाईत मोठी माणसं मुलांच्या हातातलं काम काढून घेतात.

मी सांगते आहे तो आपला जुना पारंपरिक कंदील. सहा चौकोन, त्यांच्या मधे आपोआप तयार होणारे आठ त्रिकोण, आणि एकूण चोवीस सारख्या काड्या. पुठ्ठ्याचे कापून जोडायचे कंदील मिळतात, पण त्यांत आजी-आजोबांनी शिकवावं आणि नातवंडांनी शिकावं असं फारसं काही नसतं.

आधी कामाच्या वाटणीबद्दल बोलते, कारण याबाबत सगळीकडे चुकीचाच सल्ला दिला जातो. मुलांना टिकल्या, चमकी चिकटवायला द्या आणि सांगाडा मोठ्यांनी बांधा, असं सांगतात. मी याच्या अगदी विरुद्ध सांगेन. सांगाड्याची गाठ मारायला बारीक, चपळ बोटं लागतात आणि काड्या धरायला स्थिर बैठक लागते. वयानं बोटांची पकड गेलेली असली तरी गुडघ्याशी टेकवून काडी धरून ठेवता येते. म्हणून आजीनं किंवा आजोबांनी धरायचं आणि नातवंडानं बांधायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे नीट जमतं. त्याहून लहान असेल तर त्याला मोजपट्टी द्या. मोजण्याचं कामही खरं काम आहे, त्यावरच कंदील सरळ राहतो. चाकू मात्र मोठ्यांच्याच हातात.

सामान

बांबूच्या कामट्या बुरुडांकडे मिळतात. पुण्यात बुरुड आळीत जा. तिथे मापं सांगितली की चिरून देतात. दहा इंची चोवीस काड्या आणि चौदा इंची चार काड्या घ्या, जाडी पेन्सिलीहून थोडी कमी. खराट्याच्या हिरांनी करू नका, कागद वाळताना ओढ बसली की हीर वाकतो. परदेशात असाल तर बागकामाच्या दुकानात रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या बारीक काठ्या मिळतात, त्या चालतात. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, पतंगाच्या कागदाचे दोन रंगांचे ताव, मैदा आणि पॉलिश पेपर एवढं आणलं की झालं. नायलॉनचा दोरा नको, त्याची गाठ सरकते. काचेचा मांजा तर घरातही आणू नका.

काड्या पॉलिश पेपरनं घासून घ्या, म्हणजे कुसळ हातात जाणार नाही. काड्या आधी पाण्यात भिजवा असं काही जण सांगतात. ते गोल वाकवायच्या कामट्यांसाठी असतं. इथे सगळ्या काड्या सरळच ठेवायच्या आहेत, भिजवल्या तर बांधून वाळताना गाठी सैल पडतील.

खाचा

प्रत्येक छोट्या काडीच्या दोन्ही टोकांपासून अर्धा इंच सोडून बारीक खाच पाडायची, म्हणजे दोन खाचांमध्ये बरोबर नऊ इंच राहतात. खाच काडीच्या पोटाकडून, म्हणजे मऊ बाजूनं. पाठीची हिरवट चकचकीत साल कापली की काडी तिथेच मोडते.

सहा चौकोन

चार काड्या कोपऱ्यांत एकमेकींवर ठेवून खाचेत खाच बसवा. दोरा फुलीच्या आकारात दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा गुंडाळा. मग दोन काड्यांच्या मधून दोनदा फिरवून आवळा आणि गाठ मारा. हा शेवटचा आवळ महत्त्वाचा, त्याशिवाय कोपरा खेळत राहतो. असे सहा चौकोन करा.

सांगाडा, आणि तो पिळवटतो का

इथेच बहुतेक घरगुती कंदील बिघडतात. मलाही कितीतरी दिवाळ्या हे उमगत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चार चौकोन टोकावर उभे करा, बर्फीच्या आकारात. शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधत जा आणि चौथ्याचा कोपरा पहिल्याला बांधून कडं पूर्ण करा. वर चार टोकं येतील, त्यांवर पाचवा चौकोन आडवा बांधा. उलटं करून सहावा बांधा. सगळे कोपरे जुळलेले असतात, कंदील ओळखू येतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि लगेच कागद मागतात.

कागद देऊ नका. वरच्या चौकोनावर तळवा ठेवून अलगद दाबा. अख्खा सांगाडा पीळ बसल्यासारखा फिरून खाली बसायला लागेल. गाठी कितीही घट्ट असोत, तो फिरतोच, कारण दोष गाठींचा नाही. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरतो, तो दाबून बदलत नाही. चौकोनाचं तसं नाही. चारही बाजू तेवढ्याच ठेवून तो तिरपा करता येतो. आपल्या कंदिलात असे सहा चौकोन आहेत आणि सहाही तिरपे व्हायला मोकळे आहेत. नातवंडाला हे तोंडी सांगण्यापेक्षा एक सुटा चौकोन आणि एक सुटा त्रिकोण बांधून हातात द्या आणि दोन्ही दाबायला सांगा. एकदा हातानं कळलं की ते पोर पुढचं सगळं काम नेटानं करतं.

इथे लोक गरम गोंदाची बंदूक काढायला सांगतात. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. गोंद कोपऱ्यावर बसतो आणि कोपरा कडक झाल्यासारखा वाटतो, पण नऊ इंची काडीच्या एका टोकाला असलेला गोंदाचा थेंब पूर्ण चौकोनाला धरून ठेवू शकत नाही. बांबूच्या गुळगुळीत सालीवरून तो सुटतोही. शिवाय ते तापलेलं टोक मुलांच्या बोटांजवळ आणायचं कशाला? सेलोटेपचं तर नावच काढू नका.

उपाय एकच, चौकोनांना कर्ण द्यायचे. वरच्या आणि खालच्या चौकोनात चौदा इंची काड्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, प्रत्येकी दोन, फुली करून बांधा. नऊ इंच बाजूच्या चौकोनाचा कर्ण पावणेतेरा इंचांच्या जवळपास येतो, तेव्हा दोन्ही बाजूंना थोडं टोक बाहेर राहील. शाळेत पायथागोरस शिकलेलं नातवंड असेल तर हे माप त्यालाच काढू द्या.

बाजूच्या चार चौकोनांना काड्या नकोत, प्रकाशात त्यांची सावली पडते. तिथे दोरा ताणायचा. एक उभा, एक आडवा, आणि दोन्ही लागतातच. दोरा ओढ सहन करतो पण दाब नाही, म्हणून एकाच दोऱ्यानं चौकोन फक्त एका बाजूला तिरपा व्हायचा थांबतो, दुसऱ्या बाजूला मोकळाच राहतो. मी एकच दोरा बांधणारे घरोघरी पाहिलेत आणि त्यांचे कंदील भाऊबीजेपर्यंत कललेलेही पाहिलेत.

ताणायचा क्रमही सांभाळा. एका चौकोनाचे दोरे पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पहिल्यानं सांगाडा आपल्याकडे ओढून घेतलेला असतो. आधी चारही बाजूंचे दोरे सैलसर बांधा. मग एक बाजू थोडी आवळली की तिच्या समोरची आवळा, त्यानंतर उरलेल्या दोन. दर फेरीला नातवंडानं दोन्ही कर्ण मोजून मोठ्यानं सांगायचे. उभा बारा आणि आडवा साडेतेरा आला, तर उभा दोरा जरा सोडून आडवा आवळायचा. दोन्ही पावणेतेराच्या जवळ आले की गाठ पक्की करा.

शेवटची परीक्षा डोळ्यांनी. सांगाडा जमिनीवर ठेवा, एक डोळा मिटून बरोबर वरून खाली पाहा. वरच्या चौकोनाच्या कोपऱ्यांमागे खालच्या चौकोनाचे कोपरे झाकले गेले पाहिजेत. एखादा कोपरा बाजूनं डोकावत असेल तर अजून पीळ आहे, परत दोऱ्यांकडे वळा. या परीक्षेचा निकाल मुलाला देऊ द्या. मुलं यात फार कडक असतात, आणि त्यांचं ऐकावं.

सगळ्या गाठींवर खळ लावून रात्रभर वाळू द्या.

खळ

दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतो, मुलं हात घालणार त्या खळीत तो नको.

कागद

चार बाजूंच्या चौकोनांना पांढरा किंवा पिवळा, आठ त्रिकोणांना गडद रंग. सगळीकडे पाऊण इंच जास्त ठेवून कापा आणि कडा काडीवर दुमडून चिकटवा. खळ काडीला लावायची, कागदाला नाही, नाहीतर रंग उतरून डाग पडतात. इथेही एक बाजू झाली की तिच्या समोरची घ्या. ओला झालेला पतंगाचा कागद वाळताना आखडतो, आणि एकाच अंगानं ओढ बसली तर एवढी मेहनत करून सरळ केलेला सांगाडा पुन्हा कलू पाहतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा.

कोपऱ्यांना करंज्या, म्हणजे करंजीच्या आकाराची कागदी सजावट, आणि खालच्या चौकोनाला झिरमिळ्या. तावाची घडी घालून वरचे दोन इंच सोडून बारीक पट्ट्या कापल्या की झिरमिळ्या होतात. हे काम घरातल्या सगळ्यात धाकट्याचं, आणि त्याच्या पट्ट्या वाकड्या आल्या तर सरळ करायला जाऊ नका.

दिवा आणि टांगणं

वरच्या फुलीच्या मध्याला होल्डर बांधा आणि पाच-सात वॅटचा एलईडी लावा. जुना पिवळा बल्ब तापतो, पतंगाच्या कागदाजवळ तो नको. वायरीचं काम मोठ्यांनी करावं. वरच्या चार कोपऱ्यांतून चार सारख्या दोऱ्या घेऊन एकत्र बांधा. गॅलरीत छपराच्या आत टांगा, कारण परतीचा पाऊस दिवाळीतही गाठतो आणि पतंगाचा कागद एका सरीत जातो.

कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्या. उतरवल्यावर कागद फाडून टाका, ओल्या फडक्यानं काड्यांवरची खळ नीट पुसून घ्या, कारण तिच्या वासानं झुरळं आणि उंदीर येतात. सांगाडा पूर्ण वाळवून माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी दोरे तेवढे पुन्हा तपासून आवळायचे आणि नवा कागद लावायचा.