जाम झालेलं शॉवरचं कार्ट्रिज काढताना

शॉवर घट्ट बंद केल्यावरही रात्रभर टपटप चालू राहिली, की बहुतेक वेळा मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाच्या, आतलं कार्ट्रिज गेलेलं असतं. पाणी सोडणारा आणि थांबवणारा, बदलता येणारा भाग तो. नवीन आणून बसवणं अवघड नाही. अवघड आहे ते जुनं बाहेर काढणं. वर्षानुवर्षं साचलेल्या क्षारांनी ते पितळेच्या बॉडीला असं चिकटलेलं असतं की दोन्ही एकाच धातूची वाटावीत.

हे काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा लांब दांड्याचा पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. नट सुटला, कार्ट्रिज निघालं, नवीन बसलं, टपटप थांबली. आठ दिवसांनी भिंतीच्या पलीकडच्या खोलीत, साधारण कमरेच्या उंचीवर, ओलीचा डाग उमटला. भिंत फोडली तेव्हा पाइपच्या जोडाला केसाएवढी चीर दिसली. नट सुटण्याआधी अख्खी बॉडी भिंतीच्या आत किंचित पिळली गेली होती आणि बाहेरून मला त्याचा पत्ताही लागला नव्हता. तेव्हापासून हिशेब पक्का आहे. कार्ट्रिज तसंही टाकूनच द्यायचं आहे, ते तुटलं तरी चालेल. बॉडी आणि तिच्यामागचा पाइप मात्र तसूभरही हलता कामा नये. पुढे जे सांगते ते सगळं याच हिशेबाने.

आधी पाणी. थंड आणि गरम, दोन्ही लाइनचे कॉक बंद करा. गिझर असेल तर त्याचं बटण बंद करा, नाहीतर रिकामा तापण्याचा धोका असतो. मग घरातला सर्वांत खालचा नळ उघडून पाइपात राहिलेलं पाणी वाहून जाऊ द्या आणि मिक्सरची दांडी (हँडल) दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. एक थेंबही येत नाही याची खात्री झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. टाकीचं पाणी १० मीटर उंचीवरून येत असेल तर कार्ट्रिजच्या जागी जवळपास १ बारचा दाब असतो, आणि तेवढ्या दाबाने सुटलेलं पाणी हाताने थोपवता येत नाही. न्हाणीच्या जाळीवर जाड फडकं अंथरा, कारण यातला सर्वांत लहान स्क्रू नेमका तिथेच जातो. आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. तो भाग कोणत्या बाजूने बसला होता हे तासाभराने नक्की आठवत नाही.

दांडीवरची लाल-निळी टिकली नखाने किंवा पातळ पात्याने उचकटली की आत बारीक ॲलन स्क्रू दिसतो. बहुतेक वेळा २.५ किंवा ३ मिलिमीटरची ॲलन की लागते. की घालण्याआधी सुईने स्क्रूच्या खाचेतला साबणाचा आणि क्षारांचा चुरा कोरून काढा. खाच भरलेली असली की की अर्धवटच आत जाते, आणि अर्धवट बसलेली की पहिल्याच जोराला कडा खाऊन टाकते. स्क्रू स्टीलचा आणि दांडी दुसऱ्या धातूची असेल तर ओलाव्यामुळे दोन्हींमध्ये गंज धरतो. तिथे भेदक तेलाचे, म्हणजे गंजलेल्या फटीत झिरपणाऱ्या पातळ तेलाचे, दोन थेंब सोडून अर्धा तास थांबा. मग स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेने ढकला. एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो, पकड सुटल्याचा. त्यानंतर उलट फिरवला तर तो सहसा निघतो.

दांडीखालची चकचकीत टोपी हाताने फिरवूनच निघते. हाताला घसरत असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. पक्कड लावू नका, कारण मुलामा एकदा ओरखडला की तिथून तो सोलत जातो.

टोपीखाली कार्ट्रिज दाबून धरणारा पितळी रिंग नट असतो. काही मिक्सरमध्ये नटाऐवजी यू आकाराची चपटी क्लिप असते. क्लिप असेल तर ती सरळ वर ओढायची, बस्स. नट असेल तर आता डोळे उघडे ठेवून काम करायचं. त्याच्या कडेला काय जमलंय ते टॉर्चने नीट पाहा. पांढरं, खडूसारखं असेल तर तो पाण्यातला चुना आहे. हिरवट असेल तर पितळ गंजतंय. तांबूस-तपकिरी असेल तर लोखंडाचा गंज. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चुन्यावर तेलाचा काही उपयोग होत नाही आणि लोखंडाच्या गंजलेल्या आट्यांना तेलच लागतं. शिवाय तेल आधी मारलं तर चुन्यावर त्याचा थर बसतो आणि मग आम्ल त्याला शिवतच नाही. म्हणून पांढरं दिसलं की पहिलं व्हिनेगर, तेल नंतर.

कापसाचा बोळा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून नटाभोवती गच्च बसवा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. कान जवळ नेला तर फसफस ऐकू येते. आम्लाने चुना विरघळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आहे तो. फसफस थांबली म्हणजे चुना संपला असं नाही, त्या बोळ्यातलं आम्ल संपलेलं असू शकतं. बोळा बदला. मी अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन वेळा बदलते. रात्रभर मात्र ठेवू नका, मुलाम्यावर डाग पडतात. आणि त्या दिवशी न्हाणीत ब्लीच वापरलं असेल तर आधी भरपूर पाण्याने धुऊन टाका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. फरशी साफ करायचं जहाल ॲसिड या कामाला कधीच नको. ते चुन्याबरोबर मुलामा आणि पितळही खातं.

आता पाना. नटाच्या मापाचा, घट्ट बसणारा, आणि शक्य तितक्या आखूड दांड्याचा. दात असलेला पाइप पाना नको. बॉडीला धरायला सपाट कडा असतील तर दुसरा पाना तिथे लावा आणि दोन्ही हात विरुद्ध दिशेने दाबा, म्हणजे पीळ दोन पान्यांच्या मधेच राहतो, भिंतीत जात नाही. धरायला काहीच नसेल तर सतत जोर लावू नका. पान्याच्या टोकावर छोट्या हातोडीने टिचक्या मारा, आवळायच्या दिशेला एक, सोडवायच्या दिशेला दोन. क्षारांची पकड झटक्याने मोडते. संथ, वाढत्या जोराने आधी पाइप पिळला जातो. माझे वडील कारखान्यात फिटर होते. जाम नट दिसला की ते पाना उचलायच्या आधी त्याच्याभोवती पितळेच्या दांड्याने टकटक करत फिरायचे. लहानपणी मला वाटायचं ते वेळ काढताहेत. आज मी तेच करते.

तरीही नट हलत नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने पिळलेलं फडकं नटाभोवती दोन मिनिटं धरा, पुन्हा व्हिनेगर, पुन्हा टिचक्या. ज्योत नको. आत प्लास्टिकचं कार्ट्रिज असतं आणि भिंतीमागचा पाइपही पुष्कळदा प्लास्टिकचाच असतो.

नट निघाला की खरं काम सुरू होतं, आणि इथे एक गोष्ट बहुतेक जणांच्या लक्षात येत नाही. सगळी कार्ट्रिजं फिरवून सुटत नाहीत. क्लिपवालं लांबट नळकांडं असेल तर ते जागच्या जागी डावी-उजवीकडे फिरवून आधी मोकळं करायचं आणि मग ओढायचं. पण ३५ किंवा ४० मिलिमीटरचं, एका दांडीवर चालणारं बुटकं कार्ट्रिज असेल तर त्याच्या बुडाला खुंट्या असतात आणि त्या बॉडीतल्या भोकांत बसलेल्या असतात. ते फिरवलं तर खुंट्या तुटून भोकातच अडकतात. म्हणून नवीन कार्ट्रिज आधी आणून ठेवा आणि उलटं करून पाहा. खुंट्या दिसल्या तर फिरवणं बंद. दांडी पुन्हा तात्पुरती बसवा, तिला धरून कार्ट्रिज वर-खाली, डावी-उजवीकडे अगदी हलकं डोलवा, आणि डोलवत सरळ बाहेर ओढा. तिरकं ओढलं तर ते आणखी रुततं.

येत नसेल तर कार्ट्रिज आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत ड्रॉपरने व्हिनेगर सोडा आणि निघून जा. खरंच निघून जा. माझ्या हातून मोडलेली कार्ट्रिजं थांबायच्या वेळी न थांबल्यामुळेच मोडली आहेत.

मधला दांडा तुटला आणि प्लास्टिकचं कवच आत राहिलं, तर घाबरू नका. त्याच्या भोकात लांब, जाड आट्यांचा स्क्रू हळूहळू चढवा, प्लास्टिकला पकडेल इतकाच. बुडाच्या पितळेला टोक लागता कामा नये. मग स्क्रूचं डोकं पकडीत धरून सरळ ओढा. तेही जमलं नाही तर बारीक करवतीच्या पात्याने कवच आतून एका बाजूला उभं कापा आणि कापलेली कड आतल्या बाजूला वाकवा. गोलाई मोडली की पकड संपते. करवत पितळेपर्यंत पोहोचण्याच्या जरा आधी थांबा. पाणी हळूच चालू करून दाबाने कार्ट्रिज बाहेर ढकलायचं, असंही काही जण करतात. मी करत नाही. ते सुटतं तेव्हा गोळीसारखं सुटतं आणि मागून येणारं पाणी थांबवायला हात मोकळा नसतो.

बाहेर आलेलं कार्ट्रिज लगेच फेकू नका, उजेडात धरून पाहा. माझ्या शेवटच्या कार्ट्रिजच्या ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, एका बाजूने चपट्या होऊन इंग्रजी डी अक्षरासारख्या झाल्या होत्या, आणि पाणी अडवणाऱ्या आतल्या दोन सिरॅमिक चकत्यांपैकी एकीवर आडवा, नखाला जाणवणारा ओरखडा होता. एवढ्या गुळगुळीत चकत्यांमध्ये वाळूचा एक कण अडकला की पुरे. चकत्या शाबूत असतील आणि फक्त ओ-रिंगाच गेल्या असतील, तर तेवढ्याच बदलून भागतं. आतला व्यास आणि जाडी, दोन्ही मापं घ्या. नुसता व्यास जुळून चालत नाही.

बॉडीचं आतलं तोंड टूथब्रशने व्हिनेगर लावून घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. तेल वापरलं असेल तर ते पूर्ण जायला हवं. नळांच्या बऱ्याच ओ-रिंगा ईपीडीएम रबराच्या असतात आणि खनिज तेलाने त्या फुगतात. आतल्या कडेवर बोट फिरवून बघा, खरखर लागता कामा नये. एखादी जागा तांब्यासारखी गुलाबी आणि भुसभुशीत दिसली तर पितळेतलं जस्त निघून गेलेलं आहे. अशी बॉडी नवं कार्ट्रिज फार दिवस धरणार नाही. मग प्लंबरला बोलावून बॉडीच बदललेली बरी.

नवं बसवण्याआधी मोकळ्या तोंडासमोर बादली धरा आणि दुसऱ्या माणसाला कॉक अगदी थोडा उघडायला सांगा, आधी थंड, मग गरम. सुटलेल्या क्षारांचे कपचे वाहून येतात. हे केलं नाही तर तेच कपचे नव्या चकत्यांवर ओरखडा काढतील. ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. पेट्रोलियम जेली नको. कार्ट्रिज खुंट्या जुळवून अंगठ्याने दाबा, अलगद बसतं. उलटं बसू शकणारं असेल आणि उलटं बसलं, तर गरम-थंडच्या बाजू बदलतात. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून पहिली चाचणी हात लांब ठेवूनच घ्या. रिंग नट हाताने पूर्ण आवळा, नंतर पान्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळलात तर चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दांडी जड होते.

कॉक सावकाश उघडा. पाणी पाचेक मिनिटं सोडा, बंद करा, आणि टोपी लावायच्या आधी नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. मी तो रात्रभर तसाच ठेवते. सकाळी तो कोरडा निघाला, की भिंतीच्या पलीकडच्या खोलीत जाऊन, मिक्सरच्या नेमक्या मागच्या जागी तळहात टेकवून बघते. तीही कोरडी लागली की मगच टोपी आणि दांडी चढवते.