रेडिओ लागत नाही? केंद्राला दोष देण्याआधी या चुका टाळा

‘आकाशवाणी आता लागतच नाही’ असं अनेक घरांतून ऐकायला मिळतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. मीडियम वेव्हचे, म्हणजे सेटवरच्या एएम पट्ट्याचे, कितीतरी जुने प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या महाप्रचंड प्रक्षेपकावरून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनीसुद्धा २०१९ मध्ये थांबली. पण बऱ्याच घरांत केंद्र सुरू असतं, खोट मात्र आपल्या खोलीत असते. ती न शोधताच सेट माळ्यावर गेला की त्या केंद्राचा एक श्रोता विनाकारण कमी होतो. स्थानिक केंद्रांचे आजचे दिवस पाहता ही गळती मला फार लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एएम आणि एफएमला एकाच मापाने मोजणं. पुणे आकाशवाणीचं मीडियम वेव्हवरचं ७९२ किलोहर्ट्झ घ्या. त्याची लहर जवळपास ३८० मीटर लांब असते. ती जमिनीला धरून पुढे सरकते आणि टेकडीआडच्या वाडीतही पोचते. ओली जमीन आणि खारं पाणी तिला चांगलं वाहून नेतं, कोरडा कातळ तिला शोषून घेतो. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची असते आणि ती टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेलं एफएम सपाट मुलखात दुमजली घराच्या गच्चीपर्यंत सुमारे ५० किलोमीटर नीट ऐकू येतं, पुढे जमिनीची गोलाईच आड येते. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारला तो याच कारणाने, कारण टीव्हीची लहरही अशीच सरळ जाते. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात एफएम लागत नसेल तर महागडा सेट आणून उपयोग नाही. डोंगर मध्येच उभा आहे. तिथे मीडियम वेव्ह लावून पाहा.

एरियल ओढत बसू नका

मीडियम वेव्ह ऐकताना लोक सेटची चकचकीत दांडी पूर्ण बाहेर काढतात, वाकवतात, तिला तार गुंडाळतात. बहुतेक सेटमध्ये ती दांडी फक्त एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्हचं एरियल पेटीच्या आत असतं. काळ्या फेराइटच्या कांडीवर बारीक तारेचं वेटोळं असतं, तेच. ही कांडी दिशा ओळखते. तिच्या कुशीकडून आलेला आवाज जोरात येतो, टोकाकडून आलेला जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून दांडीला हात न लावता अख्खा सेट टेबलावर सावकाश फिरवा. पाव फेऱ्यातसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शेजारच्या घरातून खरखर येत असेल तर कांडीचं टोक त्या दिशेला करा, केंद्र थोडं दबलं तरी खरखर त्याहून जास्त दबते.

एफएमला दांडी लागते, पण ती सगळीच ओढायची असं नाही. साधारण ७५ सेंटीमीटर पुरते. एफएममध्ये आवाज फाटत असेल तर सेट हातभर सरकवा. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना कापतात, आणि अर्ध्या-पाऊण मीटरवर तेच केंद्र स्वच्छ येऊ शकतं. मोबाइलमधल्या रेडिओला इअरफोनची वायर हेच एरियल असतं. ब्लूटूथवाले त्यामुळेच ‘फोनमध्ये रेडिओ चालत नाही’ म्हणतात.

खरखर बहुतेकदा घरातली असते

इथे जरा थांबतो, कारण मीडियम वेव्हचे सर्वाधिक श्रोते याच कारणाने गेले असं माझं ठाम मत आहे. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: हे सगळे मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सतत गोंगाट ओततात. तो विजेच्या वायरिंगमधून घरभर फिरतो. एफएमला त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण तिथे आवाज लहरीच्या उंचीत नसून तिच्या वारंवारितेच्या बदलात असतो.

तपासायची रीत सोपी आहे. सेटमध्ये सेल घाला, प्लग काढा आणि घराचा मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करा. खरखर गेली तर गुन्हेगार घरातच आहे. मेन सुरू करून एकेक वस्तू लावत जा, कोणती ते लगेच कळेल. मेन बंद करूनही खरखर राहिली तर सेट घेऊन विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या जागी जा. पत्र्याच्या छपराखाली आणि सळयांनी भरलेल्या स्लॅबच्या घरात मध्यभागी बसून मीडियम वेव्ह ऐकण्याचा हट्ट सोडा, खिडकी गाठा.

रात्रीच्या आवाजावरून केंद्राची परीक्षा करणंही चूक. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा थर मीडियम वेव्ह गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरांवरून दूरदूरची केंद्रं परत जमिनीवर उतरतात. मग त्याच आकड्यावर दोन भाषा एकदम ऐकू येतात, आवाज चढतो-उतरतो. यात सेटचा दोष नाही आणि तुमच्या केंद्राचाही नाही. दुपारी ऐकून ठरवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला डिजिटल सेट इथे चालत नाही, ही तक्रारही वारंवार येते. तिकडे मीडियम वेव्हची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे नऊ-नऊवर. ७९२ म्हणून ७९० आणि ८०० च्या मध्ये हरवतं. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८ही तसंच. सेटमध्ये ९/१० ची निवड असते, ती बदला.

आपोआप शोधण्यावर विसंबू नका

ही चूक सामुदायिक केंद्रांना, म्हणजे गावपातळीवरच्या छोट्या एफएम केंद्रांना, फार महागात पडते. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या केंद्रांना साधारण १०० वॅटची मर्यादा असते, मनोराही बेताचाच. सेटचं ‘स्कॅन’ बटण कमी ताकदीची केंद्रं सरळ ओलांडून जातं. मग गावातल्या माणसालाही वाटतं की आपल्याकडे फक्त शहरातलीच केंद्रं आहेत. काटा हाताने फिरवा, माणदेशी तरंगसाठी ९०.४ वर थांबा, सापडलं की ते सेटमध्ये साठवून ठेवा.

‘ॲपवर मिळतं, मग सेट कशाला’ हा विचारही धोक्याचा आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज गेली आणि मोबाइलचं नेटवर्कही कोलमडलं. अशा वेळी दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घरात असायला हवा.

आणि केंद्राला कळवायला विसरू नका. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला होता, लोकांनी आवाज उठवला म्हणून तो थांबला. श्रोते आहेत हे दिसावं लागतं. मात्र ‘ऐकू येत नाही’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, गाव, आकडा, सेट कोणता, शेजारची केंद्रं कशी येतात हे लिहा. एक गोष्ट खास ऐका. केंद्राच्या आकड्यावर नुसती खरखर असेल तर प्रक्षेपण बंद आहे किंवा लहर पोचत नाही. पण तिथे खरखर एकदम दबून शांतता असेल तर प्रक्षेपक सुरू आहे आणि कार्यक्रम त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. पुण्यात बिघाड शिवाजीनगरच्या स्टुडिओपासून हडपसरच्या प्रक्षेपकाच्या दरम्यान आहे की हडपसरलाच, याचा अंदाज तुमच्या त्या एका ओळीवरून अभियंत्याला बांधता येतो.