केस मिटली तरी पोलीस व्हेरिफिकेशनला दिसते, परराज्यातून कसं सोडवलं

मी बंगळुरूत, मारामारीची जुनी केस सांगलीची, लोकअदालतीत तडजोडीने मिटलेली, तरी पासपोर्टला पोलिसांचा अॅडव्हर्स (प्रतिकूल) रिपोर्ट. इथल्या ठाण्यात झेरॉक्स दाखवली, ऑनलाइन तक्रार टाकली, काही हललं नाही, डोकं फिरलं नुसतं.

चाललं ते असं: आधी ईकोर्ट्स अॅपवर नावाने शोधून १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) घेतला, मग तिकडच्या वकिलाला वकीलपत्र सही करून कुरियर केलं, त्याने कोर्टातून निकालाची सर्टिफाइड नक्कल काढली. ती लावून गुन्हा नोंदलेल्या ठाण्यात रेकॉर्ड अपडेटचा अर्ज, एक प्रत एसपी ऑफिसला, शिक्क्याची पोच दोन्हीकडून घ्यायचीच. नोंद बदलल्यावरच पासपोर्ट ऑफिसला री-व्हेरिफिकेशन मागितलं, क्लिअर आलं. तडजोडवाल्यांनी अर्जात लिहाच, जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३२०(८) प्रमाणे तडजोड ही निर्दोष सुटकाच धरतात.