जुने गेम ऑनलाइन विकताय? या चुका टाळा

जुन्या व्हिडिओ गेमची देवाणघेवाण चालते त्या ऑनलाइन ग्रुपवर भांडणंही ठरलेलीच असतात. ‘माझ्याकडे चालत होती’ विरुद्ध ‘माझ्याकडे चालत नाही’, ‘पाठवलं’ विरुद्ध ‘मिळालं नाही’. यातल्या फार थोड्या भांडणांत कोणी खरोखर लबाड असतं. बाकी सगळीकडे एकच प्रकार: पोस्ट टाकायच्या आधी उरकायचं काम विकणाऱ्याने पैसे आल्यावर करायला घेतलेलं असतं.

टायटल स्क्रीन दिसला म्हणजे ‘टेस्टेड’ झालं नाही

ही चूक सगळ्यांत निगरगट्ट. कितीही सांगा, दर आठवड्याला कोणीतरी नव्या उत्साहाने करतंच.

गेम बॉय या निन्टेंडोच्या हातातल्या कन्सोलवरचा पोकेमॉन गोल्ड घ्या. विकणारा कार्ट्रिज (गेमची प्लास्टिकची डबी) लावतो, संगीत वाजतं, टायटल येतो. फोटो काढून तो लिहितो: ‘टेस्टेड, एकदम ओके.’ घेणारा दोन संध्याकाळी खेळतो, दोन बॅज मिळवतो, सेव्ह करून झोपतो. सकाळी मेनूत सेव्हचा पत्ताच नाही. मग सुरू होतं: ‘तुम्ही खराब माल पाठवलात.’ ‘तुम्हीच काहीतरी केलं असेल, फोटो बघा.’ तिसऱ्या दिवशी स्क्रीनशॉटांचा खच पडतो, आठवड्याने अ‍ॅडमिनला मध्ये पडावं लागतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. कार्ट्रिज चालतेच आहे. मेलाय तो आतला सेल.

या कार्ट्रिजमध्ये सेव्ह एसरॅम नावाच्या मेमरीत राहतं. वीज गेली की एसरॅम कोरी होते, म्हणून आत सीआर २०२५ हा बटण सेल असतो. गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या तिघांत घड्याळही आहे, ते चोवीस तास त्याच सेलवर चालतं. त्यामुळे हे सेल लवकर आटोपतात. गोल्ड जपानमध्ये १९९९ साली आला. त्या काळातला मूळ सेल अजून आत असेल तर त्याच्याकडून अपेक्षा ठेवणंच चूक. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या पुढच्या कन्सोलवरच्या पोकेमॉन रुबी, सफायर, एमराल्डचं तसं नाही. तिथे सीआर १६१६ फक्त घड्याळासाठी आहे, सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतं. सेल संपला तर सुरुवातीलाच सूचना दिसते, वेळेवर अवलंबून असलेल्या घटना बंद पडतात, बाकी गेम खेळता येतो. हा फरक माहीत नसलेला माणूस दोन्हींखाली ‘बॅटरी डेड’ लिहून मोकळा होतो.

टेस्ट करायची तर नवा गेम सुरू करा, सेव्ह करा, कन्सोल बंद करा, कार्ट्रिज काढून ठेवा आणि चोवीस तासांनी पुन्हा लावा. साफ मेलेला सेल लगेच कळतो, मरायला टेकलेला दुसऱ्या दिवशी. उघडायची तयारी असेल तर ३.८ मिलिमीटरचा गेमबिट हा खास स्क्रूड्रायव्हर लागतो (अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा ट्राय-विंग). मल्टिमीटर लावा. ३ व्होल्टचा सेल २.५ च्या आसपास उतरला असेल तर ‘सेव्ह होतं’ असं छातीठोक लिहू नका, ‘सेल बदलावा लागेल’ असं लिहा आणि किंमत तशी ठेवा.

आणि ते टेपवाले! सेलला धातूच्या पट्ट्या स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याएवढं वितळवून, जोडलेल्या असतात. त्या उचकटायच्या, नवा सेल खाली सरकवायचा, वर चिकटपट्टी मारायची आणि पोस्टमध्ये लिहायचं ‘न्यू बॅटरी’. पार्सलने दोन गचके खाल्ले की संपर्क सुटतो आणि सेव्ह गेलं. दुसरी जमात सोल्डरिंगची तापलेली सळी थेट सेललाच लावते, त्याने सेल बिघडतो किंवा फुटतो. पट्ट्या लावलेला सेल तयार मिळतो, तो घेऊन बोर्डावर सोल्डर करा. तेवढं जमत नसेल तर हात लावू नका. जुना सेल काढला की आतलं सेव्ह पुसलं जातं. काही जणांना आधीच्या मालकाचे पोकेमॉनच हवे असतात, म्हणून काढण्याआधी विचारून घ्यावं.

डिस्कचा फोटो सरळ वरून काढणं

सरळ फोटोत ओरखडे दिसत नाहीत, हे फोटो काढणाऱ्याला बहुधा माहीत असतं. दिव्याखाली डिस्क तिरकी धरून दोन्ही बाजूंचे फोटो द्या. मधून कडेकडे जाणारा ओरखडा बऱ्याचदा निभावतो, कारण ट्रॅकवर (डेटाच्या गोल फिरत जाणाऱ्या रेषेवर) तो एका ठिकाणी आडवा जातो आणि तेवढी चूक यंत्र दुरुस्त करून घेतं. गोलाकार ओरखडा ट्रॅकच्या बाजूनेच धावतो, तो घातक. डिस्क फिरत असताना कन्सोल हलवला की असं कडं उमटतं, एक्सबॉक्स ३६० च्या डिस्कवर ते हमखास बघावं. सीडीवर आलेल्या गेमच्या, उदाहरणार्थ पहिल्या प्लेस्टेशनच्या, लेबलची बाजूही तपासा. सीडीत डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. तिथे खरवडलं की पॉलिश करून उपयोग नाही. डिस्क उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं दिसली तर ती विकू नये.

‘पॉलिश करून घ्या, नवी होईल’ हा सल्ला ब्लू-रेला लागू नाही. प्लेस्टेशन ३ पासून पुढच्या डिस्क ब्लू-रे आहेत आणि त्यांत डेटा वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. घासायला जागाच नाही. टूथपेस्टने घासण्याबद्दल तर बोलायलाच नको.

प्लेस्टेशन ४ वर टेस्ट करताना गेम नुसता सुरू करू नका, आधीचा इन्स्टॉल उडवून डिस्कवरून पूर्ण १०० टक्के पुन्हा होऊ द्या. मध्येच अडकतो तो गेम ‘चालतो’ या सदरात मोडत नाही.

पैसे घेऊन गप्प बसणं

शुक्रवारी पैसे येतात. ‘उद्या टाकतो.’ शनिवारी खोकं सापडत नाही, रविवार बंद, सोमवारी ऑफिस, मंगळवारी विचारलं तर ‘हो हो, आज’. पुढच्या रविवारपर्यंत घेणाऱ्याने चार जणांना विचारलेलं असतं की हा माणूस खरा आहे का. गुरुवारी पार्सल सुखरूप पोचतं, गेम उत्तम असतो, तरी त्या विकणाऱ्याचं नाव कायमचं खराब झालेलं असतं. मग तो तक्रार करतो की लोक उतावळे आहेत. लोक उतावळे असतात, मान्य. पण पैसे त्यांचे अडकलेत.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: पोस्ट टाकायच्या आधीच पार्सल बांधून ठेवायचं, पत्ता लिहायचा तेवढा बाकी. बांधलेल्या पार्सलचं वजन केलं की पाठवणीचा खर्चही अंदाजाने सांगावा लागत नाही. पैसे आले की कधी पाठवणार तो वार सांगा, पाठवलं की न विचारता ट्रॅकिंग नंबर द्या. उशीर होणार असेल तर समोरच्याने विचारायच्या आधी दोन ओळी लिहा. अडचण सगळ्यांना येते. चिडवते ती शांतता.

बांधताना केसमधला डिस्क धरणारा मधला खटका तुटलाय का बघा. तुटला असेल तर डिस्क मऊ पाकिटात वेगळी घाला, नाहीतर वाटभर केसमध्ये खुळखुळून तिची चाळण होते. पुठ्ठ्याच्या मूळ खोक्याला चिकटपट्टी कधीच लावू नका, काढताना छपाई सोबत येते. खोकं बबल रॅपमध्ये, ते मोठ्या खोक्यात, चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर भरण. हलवून आवाज आला तर पुन्हा उघडा.

बाकीच्या, थोडक्यात

किंमत न लिहिता ‘ऑफर करा’: लिलाव करायचा तर तसं जाहीर करून, मुदत देऊन करा.

इंटरनेटवरचा फोटो: तुमच्याच वस्तूचा हवा, शेजारी चिठ्ठीवर तुमचं नाव आणि आजची तारीख.

‘मिंट’ (म्हणजे कोरी करकरीत): वापरलेली वस्तू मिंट नसते. ‘कम्प्लीट’ म्हणजे गेम, खोकं, मॅन्युअल. खोकं नवं छापलेलं असेल तर ते सांगायचं.

नकली कार्ट्रिज ‘माहीत नव्हतं’ म्हणून विकणं: अ‍ॅडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजच्या बोर्डावर, सोनेरी संपर्कांच्या अगदी वर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसतं. आत डोकवायला अर्धं मिनिट लागतं.

पहिल्याने ‘घेतो’ म्हटल्यावर जास्त देणाऱ्याला विकणं: याला कुठलीच सबब नाही. पहिला गायब झाला तर चोवीस तास थांबा, त्याला कळवा, मग पुढच्याकडे जा.

‘मित्र-नातेवाईक’ पर्यायाने पैसे मागणं: पेपॅलवर या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. शुल्क वाचवायचं असेल तर ते किमतीत धरा. घेणाऱ्याने या पर्यायाला नकार दिला तर रुसू नका.

खोक्यात डाउनलोड कोड असलेला गेम: कोड एकदा वापरला की तुम्ही रिकामं खोकं विकताय. तसंच लिहा.

विकल्यावर पोस्ट उडवणं: ‘विकलं’ लिहून राहू द्या. वाद झालाच तर तुम्ही नक्की काय लिहिलं होतं, कुठला ओरखडा आधीच दाखवला होता, याचा पुरावा तेवढाच असतो.