पिट्युटरीचा रिपोर्ट वाचताना आकडे जोडीने बघा

पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी. तिचे बरेचसे हार्मोन म्हणजे दुसऱ्या ग्रंथीला सोडलेला हुकूम. त्यामुळे हुकूम आणि त्याचं उत्तर शेजारी ठेवूनच रिपोर्ट वाचायचा.

थायरॉइड घ्या. टीएसएच (थायरॉइडला पिट्युटरीचा हुकूम) २, लॅबच्या मर्यादेत. पण फ्री टी-४ (थायरॉइडचं उत्तर, तिचा स्वतःचा हार्मोन) कमी. इथे ‘टीएसएच नॉर्मल’ हा शेरा साफ फसवा आहे. टी-४ घसरल्यावर टीएसएच चढायला हवा होता. तो हलला नाही, म्हणजे बिघाड थायरॉइडमध्ये नसून वर, पिट्युटरीकडे असू शकतो. (मोठ्या आजारपणातही असं तात्पुरतं दिसतं.) पाळी कायमची थांबलेल्या बाईचा एफएसएच (अंडाशयाला पिट्युटरीचा हुकूम) कमी आला, तर तीच शंका घ्यावी, या वयात तो चढाच असतो.

कॉर्टिसॉल हा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा हार्मोन. त्याचं रक्त सकाळी ८ ते ९ दरम्यान द्यावं. संध्याकाळी तो तसाही उतरलेला असतो. सकाळचा आकडा ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरून चालतात, १५ च्या वर असेल तर ती सहसा नसते. मधल्या आकड्यांना एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला पिट्युटरीचा हुकूम) देऊन चाचणी करावी लागते. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी आकडा खोटा फुगतो. स्टेरॉइडची गोळी, इनहेलर, मलम यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि कॉर्टिसॉल व टी-४ दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉल भरून काढतात, मगच थायरॉक्सिन (टी-४ची गोळी). उलट केलं तर रुग्ण कोसळू शकतो.

प्रोलॅक्टिनची (अंगावर दूध आणणारा हार्मोन) तऱ्हा वेगळी. त्याला हायपोथॅलॅमसच्या (पिट्युटरीच्या वरचा मेंदूचा भाग) डोपामाइनचा ब्रेक असतो. डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड ही उलटीवरची औषधं किंवा मानसिक आजारावरची काही औषधं हा ब्रेक सोडवतात; गाठीने पिट्युटरीला हायपोथॅलॅमसशी जोडणारा देठ दाबला गेला तरी तेच होतं. म्हणून थोडा वाढलेला प्रोलॅक्टिन म्हणजे प्रोलॅक्टिनची गाठ असं नव्हे. एमआरआयमध्ये गाठ मोठी आणि प्रोलॅक्टिन मात्र बेताचा, असं असेल तर नमुना १०० पट पातळ करून पुन्हा मोजायला सांगा: अतिप्रचंड प्रोलॅक्टिनपुढे काही चाचण्या गडबडतात आणि आकडा कमी दाखवतात.

ग्रोथ हार्मोनचा सुटा आकडा सहसा निरुपयोगी, कारण तो झटक्याझटक्याने स्रवतो. वाढल्याची शंका असेल तर आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या हुकमावर मुख्यतः यकृतात बनणारा हार्मोन) बघतात, तोही वयाच्या मर्यादेशी ताडून.

पिट्युटरीच्या मागच्या भागातला एडीएच (लघवीतून पाणी वाया जाऊ न देणारा हार्मोन) हायपोथॅलॅमसमध्ये बनतो, इथे फक्त साठतो. त्याची कमतरता कॉर्टिसॉल कमी असताना झाकली जाते. स्टेरॉइड सुरू केल्यावर लघवी एकदम वाढली, तर सोडियम तातडीने तपासा.