डेस्कटॉप अॅप डेव्हलपर व्हायचंय? आधी काय शिकायचं आणि सर्टिफिकेट नेमकं कधी घ्यायचं

डेस्कटॉप अॅप्लिकेशन शिकायला निघालेला जवळपास प्रत्येक जण सगळ्यात आधी एकच विचारतो, सर्टिफिकेट कुठलं करू? खरं सांगायचं तर फक्त "डेस्कटॉप डेव्हलपर" म्हणून जगभर चालेल असं एखादं मोठं सर्टिफिकेट आज शोधूनही सापडणं अवघड आहे. पूर्वी मायक्रोसॉफ्टकडे विंडोज अॅप्लिकेशनवर वेगळी परीक्षा होती, ७०-५११ नंबरची, ती बंद झाली. मग एमसीएसडी आणि एमसीएसए ही मायक्रोसॉफ्टचीच सर्टिफिकेटं होती, सी शार्प भाषेची ७०-४८३ परीक्षा होती, तीसुद्धा ३१ जानेवारी २०२१ ला बंद झाली आणि मायक्रोसॉफ्टचा सगळा भर क्लाउड, डेटा असल्या कामांकडे गेला. म्हणजे आता सर्टिफिकेट मिळतं ते भाषेचं, आणि डेस्कटॉपचं जे खरं काम आहे ते शिकून दाखवायची जबाबदारी आपली. म्हणून मी क्रम असा सांगतो: आधी भाषा, मग एक पूर्ण अॅप, मग ते अॅप दुसऱ्याच्या मशीनवर चालवून दाखवणं, आणि त्यानंतर परीक्षा. उलट केलं की हातात कागद येतो पण मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत बोलायला काही उरत नाही.

पायरी १: कोणासाठी बनवायचंय ते ठरवा

सगळं थोडं थोडं शिकू असं करू नका, एकच रस्ता धरा आणि निदान सहा महिने त्यावरच राहा.

फक्त विंडोज हवं असेल तर सी शार्प घ्या, त्यात विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफ (खिडक्या, बटणं बनवायची मायक्रोसॉफ्टची साधनं). विनफॉर्म्स २००२ पासून आहे, डब्ल्यूपीएफ २००६ पासून, त्यामुळे लोक म्हणतात की हे जुनं झालं, पण २०१८ मध्ये दोन्ही ओपन सोर्स झाले, २०१९ च्या डॉट नेट कोअर ३.० मध्ये (डॉट नेट म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं तो प्लॅटफॉर्म) आले आणि आजही डॉट नेटच्या नवीन व्हर्जनवर चालतात. ऑफिसांमधली, कारखान्यांमधली, दवाखान्यांमधली कितीतरी कामं अजून याच स्क्रीनवर चालतात आणि ती सांभाळायला माणसं लागतातच. मॅकसाठी स्विफ्ट आणि स्विफ्टयूआय. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही हवं असेल तर क्यूटी हे टूलकिट, जे १९९५ पासून चालत आलंय आणि सी++ किंवा पायथन दोन्हीतून वापरता येतं. इथे एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा: पायथनमधून क्यूटी वापरायला पायक्यूटी आणि पायसाइड असे दोन पर्याय आहेत, कोड दिसायला जवळपास सारखाच, पण पायक्यूटी जीपीएल लायसन्सवर आहे आणि पायसाइड एलजीपीएलवर, म्हणजे सोर्स न देता अॅप विकायचं असेल तर पायक्यूटीचं कमर्शिअल लायसन्स घ्यावं लागतं. हे लोकांना अॅप तयार झाल्यावर कळतं आणि मग धावपळ होते.

जावा येत असेल तर जावाएफएक्स आहे, फक्त जावा ११ पासून ते जेडीकेच्या (जावाच्या डेव्हलपमेंट किटच्या) बाहेर गेलंय, वेगळं जोडावं लागतं. वेबवाल्यांसाठी इलेक्ट्रॉन सगळ्यात सोपं, व्हीएस कोड त्याच्यावरच बनलाय, पण प्रत्येक अॅपसोबत अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) जातं म्हणून साइज आणि मेमरी दोन्ही वाढतात. टौरी त्याऐवजी सिस्टिममधलाच वेबव्ह्यू (वेब पान दाखवणारा भाग) वापरतं म्हणून हलकं, मात्र मागे रस्ट ही भाषा आहे.

पायरी २: भाषा पक्की करा

यावर फार बोलत नाही, कारण शिकायची साधनं भरपूर आहेत. मायक्रोसॉफ्ट लर्नवर सी शार्प फुकट शिकता येतं, क्यूटीची स्वतःची क्यूटी अकॅडमी आहे. रोज तास-दीड तास दिला तर दोन-तीन महिन्यांत क्लास, इंटरफेस, कलेक्शन, एक्सेप्शन, फाइल वाचणं-लिहिणं एवढं हाताशी येतं. गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं टूल) पहिल्या दिवसापासून वापरा. व्हिडिओ बघून "समजलं" वाटतं ना, ते व्हिडिओ बंद करून रिकाम्या फाइलमध्ये लिहून बघितल्याशिवाय खरं मानू नका.

पायरी ३: एक छोटं पण पूर्ण अॅप बनवा

कॅल्क्युलेटर नको. ज्यात फाइल उघडते, टेबल दिसतं, शोधता येतं, बदल सेव्ह होतो आणि अॅप बंद करून पुन्हा उघडलं की सगळं जागच्या जागी असतं असं काहीतरी घ्या, डेटासाठी एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) पुरेसं आहे. डेस्कटॉपचं खरं ट्रेनिंग इथे होतं.

समजा तुम्ही बटण दाबल्यावर दोन लाख ओळींची सीएसव्ही फाइल वाचताय. तुमच्या टेस्ट फाइलमध्ये वीस ओळी होत्या तेव्हा सगळं झटपट चाललं, आता खरी फाइल दिली आणि खिडकी पांढरी पडली, वर "नॉट रिस्पॉन्डिंग" आलं. कारण असं की खिडकी रंगवणं, क्लिक घेणं, कीबोर्ड ऐकणं हे सगळं एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) करतो, ज्याला यूआय थ्रेड म्हणतात, आणि तुम्ही त्यालाच फाइल वाचायला बसवलंत. साधारण पाच सेकंद त्याने काही ऐकलं नाही की विंडोज समजतं हे अॅप अडकलं. वापरणारा माणूस मग टास्क मॅनेजरमधून ते मारून टाकतो आणि अर्धवट डेटा तसाच राहतो. उपाय म्हणजे जड काम मागच्या थ्रेडवर टाकायचं आणि स्क्रीनवर काही दाखवायचं असेल तेवढ्यापुरतं यूआय थ्रेडकडे परत यायचं. सी शार्पमध्ये टास्क.रन आणि असिंक-अवेट, क्यूटीत क्यूथ्रेड आणि सिग्नल-स्लॉट, जावाएफएक्समध्ये प्लॅटफॉर्म.रनलेटर. नावं वेगळी, तत्त्व एकच. सोबत प्रोग्रेस बार आणि "रद्द करा" बटण द्या, आणि ते बटण खरंच चालतंय ना तेही दाबून बघा.

दुसरी गोष्ट माझ्या अंगावर आलेली. एका ओळखीच्यांना वजनांच्या नोंदी ठेवायचं अॅप करून दिलं होतं, माझ्याकडे सगळं नीट, त्यांच्याकडे १२.५ किलोचे १२५ किलो. दोन दिवस मी हिशोबाच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो आणि चूक तिथे नव्हतीच. त्यांच्या कॉम्प्युटरचं रीजनल सेटिंग असं होतं की दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब, मग फाइलमधलं टिंब वाचताना त्याला दशांश मानलंच गेलं नाही. एरर नाही, क्रॅश नाही, फक्त चुकीचा आकडा, आणि तो आकडा कोणीतरी खरा धरून वापरत होतं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून नियम पक्का: फाइलमध्ये लिहिताना-वाचताना इनव्हेरिअंट कल्चर (मशीनप्रमाणे न बदलणारं ठरावीक फॉरमॅट), स्क्रीनवर दाखवताना वापरणाऱ्याचं सेटिंग. तुमच्या अॅपची टेस्ट करताना एकदा मशीनचं रीजन बदलून बघाच.

आणि माउस काढून ठेवा, फक्त टॅब आणि एंटर वापरून अख्खं अॅप चालतं का बघा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) फुकट आहे, तो लावून बटणांची नावं वाचली जातायत का ऐका, नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू आलं तर ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसासाठी तुमचं अॅप बंद दरवाजा आहे. डिस्प्ले स्केलिंग १५० टक्के करून अक्षरं कापली जातायत का तेही बघून घ्या.

पायरी ४: इन्स्टॉलर आणि कोरं मशीन

बरेच कोर्स ही पायरी सोडूनच देतात आणि मला हे अजिबात पटत नाही. एक व्हर्च्युअल मशीन घ्या ज्यावर तुमचं कुठलंच डेव्हलपमेंट टूल नाही, इन्नो सेटअप किंवा विक्स या टूलने इन्स्टॉलर बनवा (मॅकला डीएमजी, लिनक्सला अॅपइमेज किंवा फ्लॅटपॅक) आणि साध्या, अॅडमिन नसलेल्या अकाउंटने अॅप उघडा. पहिल्या वेळी बहुतेक दोन गोष्टी फुटतात. एक म्हणजे रनटाइम (अॅप चालवायला लागणारा भाग) किंवा एखादी डीएलएल (अॅपला लागणारी जोड-फाइल) नसते. दुसरी म्हणजे तुम्ही डेटाबेस फाइल ईएक्सईच्या शेजारी ठेवलेली असते, ती आता प्रोग्राम फाइल्समध्ये जाते आणि तिथे साध्या युजरला लिहायची परवानगीच नसते. डेटा युजरच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये ठेवा. मग जुनं व्हर्जन काढून न टाकता वरून नवीन टाकून बघा, डेटा टिकला पाहिजे.

कोड सायनिंगही, म्हणजे अॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही, समजून घ्या. सही नसलेला इन्स्टॉलर डाउनलोड करून उघडला की विंडोजचा स्मार्टस्क्रीन अडवतो, आणि १ जून २०२३ पासून कोड सायनिंगची प्रायव्हेट की हार्डवेअर टोकन किंवा तशाच सुरक्षित मॉड्यूलमध्ये ठेवणं बंधनकारक आहे, नुसती फाइल मिळत नाही. स्टोअरबाहेर अॅप द्यायचं असेल तर मॅकवर कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, नोटरायझेशन (अॅपलकडून अॅप तपासून घेणं) लागतं. शिकताना विकत घ्यायची गरज नाही पण प्रक्रिया सांगता आली पाहिजे.

पायरी ५: आता परीक्षा निवडा

सी शार्पवाल्यांनी फ्रीकोडकॅम्प आणि मायक्रोसॉफ्टचं फाउंडेशनल सी शार्प सर्टिफिकेट करावं, २०२३ मध्ये सुरू झालं, सुमारे ३५ तासांचं ट्रेनिंग मायक्रोसॉफ्ट लर्नवर पूर्ण करायचं आणि मग ८० प्रश्नांची परीक्षा, सगळं फुकट. पाया तपासायला चांगलं आहे, त्याहून जास्त समजू नका.

पायथनमध्ये पायथन इन्स्टिट्यूटच्या परीक्षा आहेत: पीसीईपी ३० प्रश्न ४० मिनिटं, पीसीएपी ४० प्रश्न ६५ मिनिटं, पास व्हायला ७० टक्के. त्याच्या वरची पीसीपीपी-१ आपल्या कामाची, कारण त्यात जीयूआय प्रोग्रॅमिंगचा वेगळा विभागच आहे, विंडो, विजेट, इव्हेंट वगैरे. जावात ओरॅकलची जावा १७ डेव्हलपर परीक्षा ५० प्रश्न, ९० मिनिटं, ६८ टक्के, आणि त्यात जावाएफएक्स नाही, शुद्ध भाषाच विचारतात. फी आणि अभ्यासक्रम बदलत राहतात, बुकिंगच्या दिवशी अधिकृत पानावर बघूनच पैसे भरा.

पायरी ६: तयारी

या परीक्षा कोड लिहायला कमी आणि वाचायला जास्त लावतात. जावाचं बघा, इंटिजर टाइपची (साधा इंट नव्हे) दोन व्हेरिएबल, दोन्हीत १२७, डबल इक्वल लावलं तर उत्तर ट्रू, दोन्हीत १२८ ठेवलं तर फॉल्स. रोज हे टाइप करणाऱ्यालाही माहीत नसतं की -१२८ ते १२७ ची ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवलेली असतात, त्यामुळे तिथे दोन्ही एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. असे प्रश्न कागदावर सोडवा, आधी उत्तर लिहा, मग चालवून बघा आणि चुकलं तर का चुकलं ते एका वहीत. शेवटचे तीन आठवडे वेळ लावून सराव पेपर द्या.

"खरे प्रश्न" विकणाऱ्या डंपच्या नादी लागू नका. पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो, पुढे परीक्षेला बसायला बंदी येऊ शकते, आणि उत्तरं पाठ करून पास झालेला माणूस पहिल्याच कोड रिव्ह्यूमध्ये उघडा पडतो.

पायरी ७: रेझ्युमेवर कसं लावायचं

सर्टिफिकेटची व्हेरिफिकेशन लिंक द्या, फोटो नको. पण तिच्या वर तुमच्या अॅपची लिंक ठेवा: सोर्स, इन्स्टॉलर, दोन स्क्रीनशॉट आणि रीडमीमध्ये (अॅपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) अडचणी कशा सोडवल्या ते चार ओळींत. ते पाठवायच्या आधी अॅप कधीच न पाहिलेल्या एका माणसाला समोर बसवा, इन्स्टॉलर द्या आणि "एक नोंद टाकून सेव्ह कर" एवढंच सांगा, मदत करू नका, कुठे थांबतोय ते लिहून घ्या. तो जिथे जिथे थांबला ती जागा दुरुस्त करून मगच अर्ज पाठवा.